चौथी नोंद

संपादकबाईंनी त्याच्या टेबलावरची कार्डं बोटाने बाजूला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक जुनं छायाचित्र ठेवलं. धुक्यात एका अंगावर कललेली फेरीबोट, तिच्या कठड्याला बिलगलेली माणसं, आणि वरच्या कोपऱ्यात, घाईघाईत कॅमेऱ्यासमोर आलेली, छायाचित्रकाराच्याच टोपीची कड.

“उद्या ह्याला पंचवीस वर्षं होतात,” त्या म्हणाल्या. “मी मागचे सगळे अंक चाळले. आपल्या सदरात ही बोट एकदाही बुडलेली नाही. असं कसं, पंत?”

कचेरीत सगळे त्याला तारीखपंत म्हणत. चौथ्या पानाच्या तळाशी येणारं ‘आजच्या दिवशी’ हे सदर तो इतकी वर्षं लिहीत होता की त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला आठवे.

“त्या तारखेला गर्दी फार असते,” तो म्हणाला.

ते खोटंही नव्हतं. सदरात नोंदी चार, त्याही जुनी आधी, नवी नंतर, अशा क्रमाने. आणि त्या तारखेवर तर एक राजा सिंहासन सोडून बागकाम करायला गेला होता, भरदिवसा धूमकेतू दिसला होता, दोन देशांनी एका नदीवरून चाललेलं भांडण मिटवलं होतं, आणि एका बाईने वैद्यकीची पहिली पदवी हातात घेतली होती. शेकडो वर्षांच्या अंतरावरची ही मंडळी केवळ एका तारखेच्या छपराखाली आली म्हणून एकमेकांची शेजारी झाली होती. कोणाला कोणाशेजारी बसवायचं, आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे ठरवणारा तो. या एवढ्याच गोष्टीत जगात त्याचा शब्द चालत असे.

बोटीचं कार्ड त्याच्याकडे होतं. आधीच्या सदरकाराकडून त्याला लाकडी खणांचं एक कपाट मिळालं होतं. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला त्यात एक पुठ्ठ्याचा आडोसा होता, आणि फेब्रुवारीच्या शेवटी एक जास्तीचा, ‘तीस फेब्रुवारी’ लिहिलेला. ज्या घटनांच्या तारखेवरून वाद आहे, त्या पुरावा मिळेपर्यंत तिथे मुक्कामाला पाठवायच्या, ही त्या कपाटाची जुनी रीत. लग्न झालं त्याच वर्षी त्याने बोटीचं कार्ड उचलून तीस फेब्रुवारीत टाकलं होतं. बोटीच्या तारखेवरून कोणाचाच वाद नव्हता. त्या बोटीत त्याच्या बायकोचा पहिला नवरा होता.

संपादकबाईंना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी सांगितलं की उद्या चौथी नोंद बोटीची. शिवाय दुपारी धक्क्यावर नातेवाईक जमणार आहेत, तिथे जाऊन त्याने दहा ओळी लिहून आणाव्यात. तरुण वार्ताहर त्या वेळी पाळण्यात होते. जुनं माणूस गेलेलं बरं.

त्यांची पाठ वळल्यावर त्याने बराच वेळ विचार करून धूमकेतूला रजा दिली. मग लिहिलं : ‘सकाळच्या दाट धुक्यात मालवाहू गलबताशी टक्कर होऊन फेरीबोट बुडाली, अनेक प्रवाशांचा अंत.’ ‘अनेक’ या शब्दावर त्याचं पेन रेंगाळलं. तो शब्द त्याला आवडला. त्यात कोणी एक जण उठून दिसत नव्हता.

मनातल्या मनात तो बायकोच्या पहिल्या नवऱ्याला नुसतं ‘पहिले’ म्हणत असे, आदरार्थी बहुवचनात. मेलेल्या माणसाशी वैर धरायचं तर किमान शिष्टाचार पाळावा, असं त्याला वाटे. पहिल्यांचा संसार वर्षभराचाही झाला नव्हता. तेवढ्यात त्यांचं टक्कल पडलं नाही, ते घोरले नाहीत, त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं नाही. आणि वर जाताना इतिहासातली एक तारीख घेऊन गेले. त्याने एकदा स्वतःच्या लग्नाची तारीख खणात उघडून पाहिली होती. त्या दिवशी जगात काहीच घडलं नव्हतं. दरवर्षी ते सदर भरताना त्याची दमछाक होई आणि शेवटी एका साबण कारखानदाराच्या जन्मावर वेळ मारून न्यावी लागे.

सकाळी बायकोने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती; गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून पाहताना मान जरा मागे घेई, तशीच तिने चौथ्या पानावर घेतली.

“आज आली आहे,” ती म्हणाली.

“संपादकबाईंचा हट्ट.”

“हं.”

तिने घडी घातली, ती ते पान आत जाईल अशी. मग चहाच्या कपबशा उचलल्या. या दिवशी ती दरवर्षी दुकानातून रजा घेई, दुपारच्या आधी बाहेर पडे आणि दिवेलागणीला परत येई. कुठे जाते ते तिने कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. एरवी तो विचारत असे. फोन कोणाचा होता, दुकानात आज कोण कोण आलं, उशीर का झाला, रस्त्यात थांबून बोलत होतीस तो कोण. ती सगळं सांगे, चांगलं रंगवून सांगे. चष्म्यावर बसलेले गुरुजी, दोन डोळ्यांच्या दोन नंबरांवरून भांडणारे नवराबायको. तो ऐकता ऐकता हसे, आणि हसून झाल्यावर पुन्हा एखादा बारीक प्रश्न विचारी. पण या दिवशी नाही. जिवंत नवऱ्याने मेलेल्याच्या दारात चौकशी करायला उभं राहू नये, एवढा ताठा त्याच्यात होता. स्वतःशी तो त्याला मनाचा मोठेपणा म्हणे.

पुढे तर त्याने ठरवूनच टाकलं होतं की ती धक्क्यावर जाते. दरवर्षी त्या दिवशी सदराच्या कागदावर मान घालून बसलेला असताना तो तिला तिथे पाही : पाण्याकडे तोंड करून उभी, वाऱ्याने पदर सुटलेला, चेहऱ्यावर त्याला कधी पाहायला न मिळालेलं काहीतरी. आज ते डोळ्यांनी दिसणार होतं. धक्क्याकडे चालताना आपल्याला भीती वाटते आहे की उत्सुकता, हे त्याला ठरवता येईना. तिने पाहिलं तर काय म्हणायचं? कामावर आलो आहे. खिशात वही होती, हे किती बरं झालं.

धक्क्यावर मूठभर माणसं जमली होती. दगडावर नावं कोरली होती. पावसापाण्याने अक्षरं पुसट झाली होती, पण पहिल्यांचं नाव त्याला चटकन सापडलं. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी त्याची नजर तिकडे गेली. नंतर त्याने माणसं न्याहाळली. एकेक पाठ, एकेक खांदा.

ती नव्हती.

उशिरा येईल, असं वाटून तो थांबला. फुलं वाहून झाली, बंदरातल्या एका बोटीने लांब भोंगा दिला, लोक शांत उभे राहिले आणि मग हळूहळू गुडघेदुखीबद्दल बोलू लागले. पहिल्यांची थोरली बहीण काठी टेकत त्याच्याजवळ आली. एकदाच, लग्नाच्या वेळी, त्याने तिला पाहिलं होतं.

“तुम्ही आलात. बरं वाटलं,” ती म्हणाली. “ती बरी आहे ना?”

“आली नाही का अजून?”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, चुकून दुसऱ्याच्या घरी शिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

“ती कुठली येते. पहिल्या वर्षी आली होती तेवढीच. आम्हीही मग आग्रह सोडला. तिचा नवा संसार, कशाला उगाच.” काठीच्या टोकाने तिने एक पाकळी दगडाकडे सरकवली. “खरं सांगू? आम्हाला वाटायचं, तुम्हीच पाठवत नसाल.”

त्याने वही उघडली आणि हवामान लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर त्याला स्वतःचीच एक गोष्ट विचित्र वाटली : पहिल्यांवरचा राग क्षणात ओसरला होता. इतकी वर्षं ज्यांच्याशी झुंज घेतली ते बिचारे दगडावर पुसट होत पडले होते, त्यांच्याकडे कोणी येतही नव्हतं. त्याला त्यांची जवळजवळ दया आली. दोघे एकाच बाजूचे असल्यासारखी. आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत, दार उघडंच मिळाल्यासारखं, दुसरं कोणीतरी शिरू लागलं. जिवंत, टक्कल पडलेलं किंवा न पडलेलं, चालतंबोलतं. दुकानाचा मालक असेल? तो तर आज गल्ल्यावर बसलेला त्याला काचेतून दिसला. मुद्दाम दोन गल्ल्यांचा वळसा घेऊन तो तिथून गेला होता. दातांचा डॉक्टर? तिचा तो जुना सहकारी, जो बदली होऊन परत आला होता? प्रत्येक चेहरा तो आणून तिच्या शेजारी बसवून पाही आणि कोणाचाही चेहरा तिथे शोभून दिसे, हेच असह्य होतं.

घरी येऊन तो दिवा न लावता बसून राहिला. कुलपात किल्ली फिरली. ती आत आली, तिने दिवा लावला, आणि त्याला तसा बसलेला पाहून चपलेचा पट्टा सोडता सोडता थांबली.

“मी धक्क्यावर गेलो होतो,” तो म्हणाला. “दहा ओळी लिहायच्या आहेत.”

“अच्छा.”

“त्यांची बहीण भेटली.”

पट्टा सोडून तिने चपला कोपऱ्यात जोडीने ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसून तळवा दाबू लागली.

“आज निघायलाच उशीर झाला,” ती म्हणाली, जणू ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलत होते. “शेजारच्या वहिनींनी तुमचं सदर वाचलं. डोळ्यांत पाणी आणून आल्या. मी पण येते म्हणाल्या सोबतीला. त्यांना वाटेला लावेपर्यंत एक बस गेली.”

“बस?”

“शेवटच्या थांब्यापर्यंत जाते मी. तिथे एक दुकान आहे, बाहेर खुर्च्या टाकलेल्या असतात. कॉफी घेते. बसते.”

“आणि?”

“आणि काही नाही. बसते. मग येते.”

“त्यांच्या आठवणीत.”

तिने जरा विचार केला. खोटं बोलावं की नाही याचा नसावा तो. खरं काय ते तपासून पाहत असावी.

“आधी आधी यायची आठवण. आता चेहरा आठवायला पेटीतून फोटो बाहेर काढावा लागतो. वाईट वाटतं त्याचं.”

“मग जातेस कशाला?”

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती तळव्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“त्या दिवशी तुम्ही काही विचारत नाही,” ती म्हणाली.

आवाजात तक्रार नव्हती. गिऱ्हाइकाला त्याचा नंबर सांगावा तसं तिने ते सांगितलं. मग म्हणाली की बोटीबरोबर गेलेला माणूस घाईत होता, मागे काही ठेवायला सवड नव्हती. तरी तिच्यासाठी तेवढी एक दुपार राहिली. ती पुरते.

तो खिडकीशी गेला. काय बोलावं ते त्याला कळत होतं. निदान काय बोलू नये ते तरी नक्कीच कळत होतं. समोरच्या घरांत एकेक दिवा लागत होता, आणि कुठल्याशा थांब्यावर, दुकानाबाहेरच्या एका खुर्चीवर त्याची बायको पाय पसरून, चेहरा मोकळा सोडून बसलेली त्याला स्पष्ट दिसत होती. कोणी शेजारी नव्हतं. त्या रिकाम्या खुर्च्यांचा, त्या कपाचा, टेबलावर सरकणाऱ्या उन्हाचा त्याला असा काही मत्सर वाटला की तसा पहिल्यांच्या वाट्यालाही कधी आला नव्हता. धूमकेतू, राजा, नदी यांच्याही आधीपासून जणू ती तिथे बसलेली होती आणि त्याच्या कुठल्याही खणात तिचं कार्ड नव्हतं.

“कुठली बस?” त्याने विचारलं.

प्रश्न ओठांबाहेर पडल्यावरच त्याला ऐकू आला.

ती क्षणभर त्याच्या पाठीकडे पाहत राहिली असावी. मग तिने सांगितलं. बसचा नंबर सांगितला, शेवटच्या थांब्याचं नाव सांगितलं. दुकानाच्या फळ्या हिरव्या आहेत, त्यातली एक नवीन, म्हणून वेगळी दिसते. पलीकडच्या टेबलावर दोन म्हातारे पत्ते खेळतात आणि एक जण धडधडीत लबाडी करतो, दुसऱ्याला ते ठाऊक असतं. आज तो दुसराच जिंकला तर एवढा घाबरला की डाव पुन्हा वाटायला लागला. खिडकीशी उभा असलेला तो हसला. ती रंगवूनच सांगत होती, आवाजाला नेहमीची चाल आली होती. वर्षातल्या इतर सगळ्या संध्याकाळी येते तशी.

सांगून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले.

“अजून काही?” तिने विचारलं. मऊपणाने.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की दुकानात कॉफी आणून देणारा कोण, ते तिने सांगितलं नव्हतं.