रांजण कुणाच्या हातचा

तिसऱ्यांदा ओला रांजण खचून खाली बसला तेव्हा कुंभारबाबांनी हातातलं लाकडी थापटणं सुनेच्या अंगावर फेकलं. तिला लागलं नाही, भिंतीवर आपटून खाली पडलं. आमच्या दोन अंगणांत नुसतं काटेरी कुंपण, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. बाबांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता, की तू माती नीट मळली नाहीस, राख कमी घातलीस, तुझं कामात लक्षच नाही. लोळागोळा झालेली ओली माती सुनेनं गोळा केली, पाणी मारलं आणि पुन्हा पायानं तुडवायला घेतली.

दोष मातीचा नव्हता. माझ्याच शेताच्या बांधाखालची माती ती, लोण्यासारखी. बाबांचा उजवा हात थरथरायला लागून वर्ष झालं होतं. ते आम्ही दोघी जाणत होतो, आणि बाबाही जाणत होते.

धान्याचा रांजण म्हणजे मडक्यासारखं काम नाही. माणसाच्या उंचीचा असतो तो, चाकावर होत नाही. मातीचे जाड थर एकावर एक चढवायचे, आत हात घालून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटण्यानं ठोकायचं, आणि रांजणाभोवती उलट पावली फिरत राहायचं. एक थर सुकला की दुसरा. पूर्वी घरोघरी असे रांजण होते. मग पत्र्याच्या कोठ्या आल्या, प्लॅस्टिकची पिंपं आली, आणि बाबांचं थापटणं खुंटीला लागलं ते लागलंच.

अशात शहरातल्या संग्रहालयाचे साहेब आले. म्हणाले, देशाच्या कानाकोपऱ्यातल्या लोकांनी आपल्या हातांनी जे जे घडवलं, ते एका दालनात मांडतोय, हा आपल्या सगळ्यांचा वारसा आहे, त्यात तुमचा एक रांजण हवा. त्या दिवशी बाबा कमरेतून सरळ उभे राहिलेले मी पाहिले. महिन्याची मुदत होती.

ही विद्या बाबांनी मुलाला शिकवली होती. मुलगा शहरात जाऊन कुणाची तरी गाडी चालवतो, वर्षातून दोनदा तोंड दाखवतो. सून मात्र बारा वर्षं इथंच. माती आणायची, चाळायची, मळायची, सगळं तिनं करायचं, पण थापटण्याला हात लावायचा नाही. बाईचा हात हलका, रांजण बसतो, असं बाबा म्हणत. त्यांचे वडीलही असंच म्हणत. मी या गावात नांदायला आले तेव्हापासून ऐकत होते.

तिसरा रांजण बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी तापानं अंथरूण धरलं. सून कुंपणापाशी आली आणि म्हणाली, काकू, जरा दारात बसता का? मामंजी उठले तर मला सांगा. मी गहू निवडायला घेऊन तिथं जाऊन बसले. तिनं खुंटीवरचं थापटणं काढलं, क्षणभर हातात तोलून पाहिलं आणि सुरुवात केली. बारा वर्षं पाहून पाहून तिच्या हातात काय मुरलं होतं ते मला तेव्हा कळलं. ती उलट पावली फिरत होती आणि ठोके असे एकसारखे पडत होते की माझे हात सुपातच थांबले.

बाबांना आत ऐकू जात असणारच. दोन दिवस ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून दारात आले. मी तिला सावध करायचंही विसरले. आता काय फेकतात म्हणून मी सूप बाजूला सारून उठले. बाबांनी रांजणाभोवती नजर फिरवली. मग म्हणाले, “डाव्या अंगाला पातळ होतंय. आतून गोळा दाबून धर.”

तिनं दाबून धरला. त्या दिवसापासून त्यांची बाज अंगणात आली. ते सांगायचे आणि ती करायची. अकरा दिवसांत रांजण उभा राहिला, सावलीत वाळला, मग भाजायला आव्यात गेला. आवा निवल्यावर राख बाजूला केली तर कुठं केसाएवढी चीर नाही. बाबांनी चहूबाजूंनी बोटाच्या पेरानं टिचकी मारून पाहिली. रांजण खणखणीत वाजला. सून पदराला हात पुसत लांब उभी होती. त्या दिवशी दोघं जेवायला बरोबर बसली.

साहेब आले तेव्हा अर्धा गाव गोळा झाला. फोटो निघाले. साहेब म्हणाले, बाबा, या वयात एवढं काम तुम्ही एकट्यानं केलंत?

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. बाबांनी एकदा गावाकडं पाहिलं, एकदा रांजणाकडं.

“होय,” ते म्हणाले. “माझ्याच हातचा आहे.”

मलाही तोंड होतं. मी ते उघडलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत कशाला पाणउतारा करायचा, त्यांच्या घरातली गोष्ट आहे, असं मी मनाशी म्हटलं. सुनेनं साहेबांपुढं पाणी ठेवलं आणि ती आत गेली. रांजण टेम्पोत चढला आणि साहेबांबरोबर शहराला गेला.

बाबांना ते शब्द पचले नाहीत. जेवण तुटलं. सून त्यांचं सगळं पूर्वीसारखंच करायची, आणि त्यानंच ते जास्त खचत होते. आठेक दिवसांनी ते कुंपणापाशी आले आणि मला म्हणाले, “बाई, तुम्ही होतात ना तिथं? मग मला अडवलं का नाहीत?”

मग तेच म्हणाले, साहेब परत आले की सांगतो, याच गावासमोर सांगतो. पण साहेब आले नाहीत. दोन महिन्यांनी बाबांना लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली.

दालन उघडण्याचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं खुणा करून करून आम्हाला हैराण केलं. जायचंच. मग आम्ही दोघींनी त्यांना एसटीत घातलं, पुढं रिक्षात, आणि नेलं.

केवढं दालन ते. कुठल्या कुठल्या लोकांच्या होड्या, माग, ढोल, मुखवटे, घाणे, कुलपं. एका भाषेचे लोक दुसऱ्याला ओळखणार नाहीत, पण त्यांच्या वस्तू शेजारी शेजारी उभ्या होत्या. आमचा रांजण मधोमध, वरून दिव्याचा उजेड. खाली पाटी होती. सुनेनं ती वाचली, मग पुन्हा वाचली. पाटीवर बाबांचं नाव होतं, आणि पुढं लिहिलं होतं की असा रांजण घडवणारे हे शेवटचे कारागीर.

बाबांनी मला खुणावलं, मोठ्यानं वाच म्हणून. मी वाचलं. बाबांचं तोंड हलायला लागलं. घशातून नुसता घरघर आवाज निघत होता. त्यांनी डाव्या हातानं सुनेचं मनगट पकडलं आणि तिचा तळवा रांजणावर दाबला. साहेबांकडं बघत पुन्हा पुन्हा दाबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहारेकरी धावत आला, वस्तूंना हात लावू नका म्हणाला. साहेबांनी त्याला थांबवलं. त्यांचेही डोळे भरले होते. मला म्हणाले, बघा, केवढा जीव आहे म्हाताऱ्याचा आपल्या कामावर.

या वेळी मी बोलले. म्हटलं, साहेब, हा रांजण हिनं केलाय. साहेबांनी सुनेकडं पाहिलं. सून खाली मान घालून म्हणाली, माती मी मळली होती. साहेब हसले, म्हणाले, घरच्यांची साथ लागतेच, आणि ते पुढच्या पाहुण्यांकडं गेले.

परतीच्या वाटेवर बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यानंतर ते तीन आठवडे जगले.

महिनाभरानं कुंपणापलीकडून ठोके ऐकू आले म्हणून मी गेले. सून नव्या रांजणाचा पहिला थर ठोकत होती. मी विचारलं, कुणी मागितलाय का? नाही म्हणाली. तेव्हा मी म्हटलं, आपण साहेबांना पत्र लिहू, मी सही करते, पाटी बदलायला लावू.

तिचे हात थांबले नाहीत.

“काय लिहायचं काकू? मामंजी खोटं बोलले म्हणून?”

“मग तुझं काय?”

ती एक फेरी पुरी करून माझ्यासमोर आली. म्हणाली, “सांगायला ते स्वतः गेले होते. मला कळलं. आता त्यांच्या मागं त्यांना कशाला खोटं पाडायचं?”

मग तिनं थरावर ओलं फडकं टाकलं आणि आभाळाकडं पाहिलं. ऊन असंच राहिलं तर परवा दुसरा थर चढवते, म्हणाली, तेवढी बांधाखालची दोन पाट्या माती आणखी लागेल. मी पाटी घ्यायला घरी गेले.