अभिमन्यूची लिफ्ट

तलवाड्यात कुणाच्या घरी लिफ्ट नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. पण अभिमन्यूच्या मेव्हण्याने बीडला दुमजली घरात लिफ्ट बसवली, म्हणून अभिमन्यूने तलवाड्यात तिमजली घर बांधलं. आधी लिफ्ट ठरली, मग मजले. कुणी विचारलंच तर तो बायकोच्या गुडघ्यांचं कारण सांगे. वत्सलाबाईंचे गुडघे ठणठणीत होते आणि त्या जिन्यानेच जात. "त्या पेटीत म्या न्हाई बसायची," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

वीस वर्षांपूर्वी हेच जोडपं कोयता घेऊन ऊसतोडीला जात होतं. मग अभिमन्यू मुकादम झाला, मग एक टिपर आला, त्याला करमेना म्हणून आणखी तीन आले आणि शेवटी खडीचं क्रशर. पैसा आला तसा मान आला. आणि मान आला तिथेच पंचाईत झाली.

म्हणजे कसं, की मारुतीच्या पारावर सकाळी माणसं बसतात. अभिमन्यू पाराकडे निघालेला दिसला की कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणायला पळे. खुर्चीवर टॉवेल पडे, टॉवेलवर अभिमन्यू. बाकीचे खाली दगडावर, "हां मालक", "बराबर हाय मालक" म्हणत आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत. तो उठून चार पावलं गेला की पार पुन्हा खिदळायला लागे. ते खिदळणं त्याला घरापर्यंत पोचवायला येई.

मग त्याने बावीस माणसं बसतील असा सोफा आणला. त्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. ज्यांची कामं असत ते व्हरांड्यातच उभ्याउभ्या बोलून जात. ज्यांची नसत ते येतच नसत. कुणीतरी उगाच यावं, फतकल मारून बसावं, आपली टर उडवावी, एवढी एकच इच्छा अभिमन्यूची उरली होती. त्याने बीडची सगळी दुकानं पालथी घातली होती. ही वस्तू कुणी ठेवत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तो लिफ्टमध्ये शिरला आणि दोन मजल्यांच्या मधोमध असताना वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, चांगला मोठा होता, पण तो जोडला होता दर्शनी रोषणाईला. वीज गेली म्हणून गावाला घर दिसू नये, हे अभिमन्यूला पटलं नव्हतं. त्यामुळे बाहेर रणरणत्या उन्हात दीडशे दिवे झगमगत होते आणि आत मालक अंधारात होता. मोबाइल खाली चार्जिंगला लावलेला.

त्याने बटणं दाबली, दार बडवलं आणि मग बायकोच्या नावाने असा ओरडला, की वत्सलाबाईंच्या आधी रस्त्याने चाललेला शहादेव धावत आला. शहादेव त्याच्याच ऊसतोडीच्या टोळीतला, जुना जोडीदार. जिना चढून तो दाराला भिडला.

"अभ्या! जिता हायस का बे?"

दहा वर्षांत त्याला कुणी अभ्या म्हटलं नव्हतं. ओळख पटायला वेळ लागला.

"हाय, हाय."

गेवराईहून कामरान मेकॅनिकला बोलावलं. त्याला यायला तास लागणार होता. तोवर गल्ली गोळा झाली आणि संगमरवरी जिन्यावर पायरीपायरीने बसली. मालक समोर दिसत नसल्यामुळे लोकांना मालकाचा विसर पडत चालला.

"उभा हायस का बसलायस?" शहादेवने विचारलं.

"बसलोय."

"कशावर?"

"खालीच की. हितं काय हाय?"

"मग ठीक. आलास बाबा एकदाचा खाली."

जिना हसला. शेजारची म्हातारी साखराबाई म्हणाली, "चूक याच्या बापाची हाय. नाव ठिवतानाच इचार कराय पायजे व्हता. अभिमन्यूला आत जायचंच तेवढं ठाव!"

"काकू, पाणी तरी इचारा," आतून आवाज आला.

"कुटून घालू? वरनं नरसाळं लावू का?"

मग त्याच टोळीतल्या हरिबाने तेव्हाची गोष्ट काढली. पहाटे उसाच्या गाडीवर अभ्या झोपला, झोपेत खाली पडला, गाडी गेली पुढं. आणि हा उठून डोळे चोळत दुसऱ्याच टोळीच्या फडात शिरून दुपारपर्यंत ऊस तोडत बसला.

"दुपारपर्यंत न्हाई बे, न्याहारीपर्यंत!" आतून दारावर थाप पडली.

"त्यांची न्याहारी खाल्ल्यावर कळलं व्हय?"

"भाकर बघून कळलं. वत्सलाची एवढी गोल न्हाई येत."

"बसा आतच!" वत्सलाबाई कडाडल्या. दाराच्या दोन्ही बाजूंनी हसू फुटलं. आतला माणूस तर इतका हसला, की लिफ्ट हलली आणि बाहेरच्यांना काळजी वाटली.

तेवढ्यात कामरान आला. वर जाऊन हाताने चाक फिरवायचं, लिफ्ट मजल्याला आणायची, दार उघडायचं; दहा मिनिटांचं काम. तो दाराला तोंड लावून म्हणाला, "मालक, घाबरू नका. काढतो लगेच."

"घाई न्हाई," आतून हळूच आवाज आला.

"अहो, गुदमराल."

"लई हवा हाय. तू चहा घे आधी."

कामरानने चहा घेतला, दुसरा कप मात्र नाकारला. दार उघडलं. घामाने निथळलेला, डोळे पुसत हसणारा अभिमन्यू बाहेर आला आणि पायऱ्यांवरची सगळी माणसं झटकन उभी राहिली. जागा सोडली. टोप्या सारख्या केल्या.

"सांभाळून, मालक," शहादेव म्हणाला.

"बस की रे!"

"न्हाई, चलतो. कामं हायती."

वत्सलाबाईंनी बारा कप चहा आणला तेव्हा जिन्यावर एकटा अभिमन्यू बसला होता. थोड्या वेळाने त्याने कामरानला बाजूला घेतलं.

"ही पुन्हा कवा बंद पडंल?"

"बंद पडायची न्हाई, मालक. बॅटरी लावून देतो."

"मी कवा पडंल ते इचारतोय."

कामरानने डोकं खाजवलं. "चालू ठेवायचा करार असतो, मालक. बंद पाडायचा आजवर कुणी केला न्हाई."

करार झाला. गुरुवारी अकरा वाजता लिफ्ट अडकली. या वेळी गावात वीज होती, लिफ्टमध्ये दिवा होता, आणि मेकॅनिक अडकायच्या अर्धा तास आधीच येऊन जिन्यात बसला होता. गावाला काय समजायचं ते समजलं. तरी माणसं आली. धुतलेले कपडे घालून आली, चपला फाटकाशी काढून आली आणि पायऱ्यांवर मांडी घालून गप्प बसली.

"शहाद्या! हायस का?" आतून मोठ्या उमेदीने हाक आली.

"हाय ना, मालक."

"मग बोल की बे!"

शहादेवने हरिबाला कोपराने ढोसलं. "मालकाला टोळीची गोष्ट आवडती. सांगा."

हरिबा खाकरला. "तर त्या दिवशी मालक गाडीवरनं खाली उतरले. अन् दुसऱ्या टोळीचं काम कसं चाललंय त्याची पाहणी केली. न्याहारीपर्यंत."

कुणी हसलं नाही. साखराबाई "बरं केलं," म्हणाली.

मग दाराच्या फटीतून एक घडी घातलेला कागद आत सरकला. अभिमन्यूने तो घाईने उघडला. साखराबाईच्या नातवाला टिपरवर ड्रायव्हर म्हणून घ्यावं, असा अर्ज होता. अक्षर चांगलं होतं.

दिव्याच्या उजेडात त्याने तो दोनदा वाचला. लिफ्ट पुन्हा चालू करायचं बटण हाताशीच होतं. त्याने खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली आणि फटीतून परत दिला.

बाहेर जरा कुजबुज झाली, रांग लागल्यासारखे पाय वाजले, आणि दुसरा कागद आत आला.