तीन हवा

कारा समुद्राच्या काठावरच्या रेडिओ-ठाण्यात राइसा प्रोखोरोव्हना एकोणीस वर्षं लहरींचा जोर दाखवणाऱ्या काट्यापुढे बसत होती. पलीकडचं ठाणं क्षितिजाआड, तीनशे किलोमीटरवर. लहरी आभाळाकडे फेकायच्या, वरच्या हवेत त्या विखुरायच्या आणि त्यातल्या चिमूटभर पलीकडे पोचायच्या. अकरा वस्त्यांचे फोन त्या चिमटीवर चालत. बाळंतीण अडली की डॉक्टरही त्यावरच सापडे.

हिवाळ्यात फोन तुटतात म्हणून जुलैत मुख्य कचेरीतून चौकशीला आलेले अव्हेरकीन साहेब! त्यांनी अंगातला कोट काढायच्या आधी अँटेनाचे स्क्रू फिरवले आणि झोत समुद्राकडे झुकवला. काटा थेट टोकाला जाऊन आपटला.

"बघा! एकोणीस वर्षं आभाळात वाया घालवलंत. बोल्ट आवळा आणि इथं सही करा."

"नाही करणार."

"का?"

"दोन दिवस जमिनीवरून गरम वारा येतोय, आणि खाली समुद्र बर्फासारखा. गार हवेवर गरम हवेचं झाकण बसलंय, त्याच्याखालून लहरी सरपटत चालल्यात. हा जोर पाहुणा आहे, साहेब. झाकण उडालं की काटा झोपेल. आमच्याकडे तीन वेगवेगळ्या हवांत मोजल्याशिवाय बोल्ट आवळत नाहीत."

"कुठल्या नियमपुस्तकात लिहिलंय हे?"

"पुस्तक लिहिणाऱ्यांनी इथं एक तरी हिवाळा काढलाय का?"

साहेबांचे कान लाल झाले. "उद्याच्या हेलिकॉप्टरनं तुम्ही माझ्याबरोबर निघायचं. सामान बांधा."

त्रेपन्नाव्या वर्षी जायचं कुठं? या ठाण्याबाहेर राइसाला घर नव्हतं. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"बांधते," ती म्हणाली. "पण बोल्टांचा पाना माझ्या खिशात राहील." आणि तिनं तो खरंच खिशात घातला. रागारागानं कपाट रिकामं करून तिनं पेटी भरली.

सकाळी वारा उत्तरेकडून सुटला. काटा शून्यावर आडवा पडला होता. साहेबांनी काचेवर टिचकी मारली, मग दुसरी मारली. तेवढ्यात जुन्या लघुलहरी सेटवर पलीकडच्या ठाण्यातली क्लावा ओरडली, "अगं राइसा, जिवंत आहेस की मेलीस? सगळे फोन मुके झालेत!"

"झोत पूर्वीसारखा करा," साहेब पुटपुटले.

राइसानं नोंदवही पुढे सरकवली. "आधी लिहा. वारा कुठला, झोत कुणी झुकवला, सगळं. तुमच्या हातानं."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. मग तिनं खिशातला पाना काढला, बाहेर जाऊन स्क्रू मूळ खुणेवर आणले. काटा हळूहळू उठला, अशक्त, पण उभा. क्लावाचा आवाज फोनवर आला.

"हेलिकॉप्टर कधी येईल?" साहेबांनी विचारलं.

"या वाऱ्यात? कोण येतंय!" तिनं त्यांच्यापुढे कुट्टूच्या लापशीची थाळी आदळली. "दोन हवा पाहिल्यात. तिसरी जानेवारीत मिळते. माझं कपाट रिकामंच आहे, तुमचं सामान लावून घ्या."