येतो म्हणून गेलेले

आपल्याकडं घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. यमाबरोबर निघालेलाही बहुधा तेच म्हणत असेल. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हा अर्धापूरजवळच्या एका खेड्यात ह्या एका शब्दानं कावेरीबाईला मेटाकुटीला आणलं.

कावेरीबाईचा नवरा तापात घरीच वारलेला. एकुलता लेक ग्यानोबा दोन वर्षांमागं भांडून नांदेडच्या गिरणीत काम धरायला गेला, तो गेलाच. ना सांगावा, ना चिठ्ठी. कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "जाताना येतो म्हणलाय की. येईल." हे तिनं इतक्यांदा सांगितलं की तिचं तिलाच खरं वाटू लागलं. नांदेड काही फार लांब नाही, पाच-सहा कोस. पण येतो म्हणालेल्याला आणायला कशाला जायचं?

एका सकाळी ती उंबरठा धुऊन रांगोळी ओढत होती, तेव्हा उंबरठा बोलला. लाकूडच ते, आवाजही तसाच, जाड नि कोरडा. "तीस वर्सं झाली, एक दिस खाडा न्हाई केलास. माग काय मागायचं ते. एकच."

दुसरी एखादी बोंबलत सुटली असती. कावेरीबाई इतकी थकलेली होती की तिला घाबरायचंही सुचलं नाही. दोन वर्षं तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर पडलं. "जे येतो म्हणून गेलं, ते माघारी येऊ दे."

"दिलं," उंबरठा म्हणाला.

दुपारी नणंद आली. पंचफुलाबाई. पाच वर्षांमागं एका लुगड्यावरून तोंड फिरवून गेलेली. "काय की बाई, पाय आपोआप वळले," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या मागितला. मग देगलूरचा धोंडप्पा आला, एकदा पावसात अडकून मुक्काम करून गेलेला. मग कचेरीचा चपराशी, पुन्हा फिरकू नये म्हणून जिवावर आलं तरी तिनं ज्याला कोंबडी खाऊ घातली होती. मग एक बैरागी. मग एक चुलतसासू, जिचं नावही आठवेना. चार दिवसांत ओसरीवर तेरा माणसं झाली. कावेरीबाई थापत होती, भाजत होती, वाढत होती. दाराची कडी वाजली की पिठाच्या हातानं धावत होती, आणि दारात दर वेळी भलतंच कुणीतरी.

बरं, माणसं आगंतुक असली तरी वाईट नव्हती. रोज निघायची. "येतो बरं का वैनी," म्हणायची, शिवेवरच्या चिंचेपर्यंत जायची आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा ओसरीवर.

"काय होऊन राहिलं काही कळंना," चपराशी रडकुंडीला आला. "तिकडं साहेब माझी गैरहजिरी लावून राहिला."

"मग एकदा जातो म्हणून बघा की," कावेरीबाई वैतागून म्हणाली.

सगळ्यांनी कानांत बोटं घातली. असलं अभद्र कोण बोलणार!

आठव्या दिवशी कणगीत ज्वारी तळाला गेली. कावेरीबाई येऊन सरळ उंबरठ्यावरच बसली. उंबरठ्यावर बसू नये म्हणतात, पण तिला त्याच्याशीच बोलायचं होतं. "समदे आले," ती म्हणाली. "माझं लेकरू काहून आलं न्हाई?"

"जाताना काय म्हणला व्हता?"

"येतो म्ह..."

"मी इथंच व्हतो, बाई."

खरं तर कावेरीबाई काहीच विसरली नव्हती. ती चुलीपुढं होती. मागं न बघताच म्हणाली होती, "जायचं तर जा. तोंड दाखवू नको." पोरगं बराच वेळ दारात उभं होतं. ती वळली नाही.

"जातो म्हणला," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली, आणि तिला इतकं रडू आलं की पदर पुरेना.

"जातो म्हणलेल्याला मला न्हाई आणता येत," उंबरठा म्हणाला. "त्याच्याकडं जावं लागतं."

तिनं तोंड धुतलं. दोन भाकरी नि ठेचा फडक्यात बांधला आणि काठवट पंचफुलाबाईपुढं सरकवली. "आता तू थाप."

"आणि तू कुठं निघाली?"

"नांदेडला. ग्यानोबाकडं."

"बरं. येते म्हण."

शब्द ओठावर आलाच होता, जन्माची सवय. पण येते म्हणाली असती तर चिंचेपासूनच माघारी यावं लागलं असतं. आणि येते म्हणाली नाही, तर ह्या घराचं तोंड पुन्हा दिसेल की नाही, कुणास ठाऊक. तिनं वाकून उंबरठ्याला हात लावला.

"जाते," ती म्हणाली.

ओसरीवर पुन्हा सगळ्यांची बोटं कानांत गेली.

चिंचेपाशी ती थांबली. पाय माघारी वळतात का, वाट बघितली. वळले नाहीत. मागून कुणी हाकही मारली नाही. ग्यानोबाही त्या दिवशी इथं असाच थांबला असेल, हे तिला आत्ता कळलं. ती भरभर चालू लागली.