पायऱ्यांखालचं टेबल

खिळेकाकांच्या दुकानात भाव कमी करून मिळत असे, पण वस्तू उसनी मिळत नसे. ‘जरा हातोडी द्या, तासाभरात आणून देतो,’ असं कुणी म्हटलं की काका चष्म्याच्या वरून असे काही बघत, की तो माणूस एकतर हातोडी विकत घेई, नाहीतर हात हलवत परत जाई. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, करवती, शिड्या, लाकडी फळ्या यांनी दुकान छतापर्यंत भरलेलं होतं. कुठली वस्तू कुठे आहे हे काकांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. हल्ली सापडत नव्हती ती फक्त गिऱ्हाइकं. हमरस्त्यावर मोठं दुकान उघडलं होतं आणि लोक तिकडे वळले होते.

अनुदानाची बातमी आणली काकांच्या मेहुणीने. ती वाचनालयात कामाला होती आणि नगरपालिकेचं प्रत्येक पत्रक आधी तिच्या टेबलावर येऊन पडत असे. छोट्या धंद्यांना अनुदान मिळणार होतं. अट एवढीच, की त्यातून वस्तीचंही काही भलं व्हायला हवं. इच्छुकांसाठी रविवारी सभागृहात मेळावा होता. प्रत्येकाला एक टेबल मिळणार, त्यावर त्याने आपलं काम मांडायचं, आणि निवड समिती प्रत्येक टेबलापाशी येऊन प्रश्न विचारणार.

काकूंच्या डोक्यात लगेच चक्रं फिरू लागली. पुस्तकांचं वाचनालय असतं तसं अवजारांचं का नसावं, असं त्यांचं म्हणणं. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं.

“म्हणजे जे विकायला बसलोय तेच फुकट वाटायचं?” काका म्हणाले.

“अहो, भोक पाडायचं मशीन माणसाला वर्षातून एकदा लागतं. तेवढ्यासाठी कोण विकत घेणार? पण ते न्यायला आला की स्क्रू तर आपल्याकडूनच घेईल ना?”

 यावर काकांनी चहा गार झाल्याची तक्रार केली. बहिणी-बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याला होकार समजून त्या कामाला लागल्या.

रविवारी काकांना दाराच्या अगदी समोरचं टेबल मिळालं. समिती आत शिरली की पहिली नजर तिथेच पडणार होती. काकूंनी निळं कापड अंथरलं, त्यावर करवत, रंधा, पक्कड, पाने असं सगळं पुसून-पासून ओळीने मांडलं. मेहुणीने भाऊजींसाठी चार वाक्यं तयार केली होती आणि काका ती सकाळपासून शाळेतल्या मुलासारखी पुटपुटत होते. आजूबाजूला शिंपी, रोपं विकणारी, सायकलवाला, सगळे आपापलं टेबल सजवत होते.

मोजायची टेप हातगाडीतच राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून काका ती आणायला बाहेर पडले. सभागृहाला तीन दगडी पायऱ्या होत्या. त्यांच्या तळाशी, भिंतीला लागून, एक तरुण मुलगी चाकाच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर फळी, फळीवर उघडलेला मोबाइल, आणि वाटीत डोळ्यांना नीट दिसणारही नाहीत असे स्क्रू. घरातल्या एका खोलीत बसून ती फोन दुरुस्त करायची आणि सगळी वस्ती तिला फोनताई म्हणायची. काकांची तिच्याशी कधी गाठ पडली नव्हती. त्यांचा फोन विटेसारखा होता आणि विटेसारखाच टिकला होता.

“आत जागा नाही मिळाली का?” त्यांनी विचारलं.

“मिळालीय ना. खिडकीखाली माझ्या नावाची चिठ्ठी लावलेलं टेबल आहे म्हणे. तिथपर्यंत जायचं कसं, ते मात्र चिठ्ठीत लिहिलेलं नाही.”

सभागृहाच्या सेक्रेटरींनी चार माणसं बोलावून तिला खुर्चीसकट उचलून न्यायची तयारी दाखवली होती. तिने नको म्हटलं होतं. “मी काय पोतं आहे?” ती काकांना म्हणाली. “आणि एकदा वर नेऊन ठेवलं, की उतरवायला कोण येतंय याची वाट बघत बसायचं. त्यापेक्षा इथे बरी आहे.” एवढं बोलून ती पुन्हा कामात बुडाली. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता, आणि काकांना तेच जास्त बोचलं.

ते टेप घेऊन आत आले. खिडकीखालचं रिकामं टेबल त्यांना आता दिसलं. चार वाक्यांतलं दुसरं वाक्य काही केल्या आठवेना. ते आपल्या टेबलापाशी गेले आणि एकेक अवजार उचलून पिशवीत भरू लागले.

“अहो, हे काय चाललंय?” काकू म्हणाल्या. “समिती येईल एवढ्यात.”

“बाहेर मांडतो.”

“बाहेर? कशासाठी?”

काकांना नीट सांगता येईना. “धंद्याचं माणूस बाहेर बसलंय,” एवढंच ते म्हणाले.

काकूंनी दारातून खाली पाहिलं. त्यांना कळलं, पण राग काही गेला नाही. त्यांनी टेबलाला हात लावला नाही. शेवटी दुसरं टोक मेहुणीने धरलं आणि दोघं टेबल तिरकं करत, पायऱ्यांवर ठेचकाळत खाली उतरले. बाकीचे बघत राहिले. कुणी त्यांच्या मागोमाग आलं नाही. ज्याने त्याने आपलं टेबल आधीच लावलेलं होतं, त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

बराच वेळ बाहेर कुणी फिरकलं नाही. काका पाने पुसत बसले, फोनताई तिच्या वाटीत डोकावत बसली. मग एक म्हातारे गृहस्थ डुगडुगणारं स्टूल घेऊन आले. काकांनी ते उलटं केलं, पायाचा स्क्रू सैल झाल्याचं दाखवलं आणि सवयीने पेचकस उचलला. तेवढ्यात, ही अवजारं लोकांनी वापरायची आहेत, हे त्यांना आठवलं. त्यांनी पेचकस म्हाताऱ्यांच्या हातात दिला आणि ‘इकडे नाही, तिकडे फिरवा’ असं सांगत शेजारी उभे राहिले. आपला हात मध्ये न घालणं त्यांना फार जड गेलं. स्टूल घट्ट झाल्यावर ते गृहस्थ त्यावर दोनदा बसून उठले आणि घरून खुर्ची आणायला गेले. हळूहळू माणसं जमली. कुणाची छत्री, कुणाचं कुलूप, कुणाचा बंद पडलेला फोन. दोघांपुढे मिळून एकच घोळका झाला. मध्येच काकू चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक त्यांनी फोनताईच्या हातात दिला, दुसरा काकांसमोर ठणकन ठेवला.

समितीच्या बाई सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या. कोरड्या चेहऱ्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. या योजनेने दुकान कसं टिकेल, असं त्यांनी काकांना विचारलं. काकांना चारही वाक्यं आठवेनात.

“विक्री वाढेल असं ही म्हणते,” ते म्हणाले. “मला खात्री नाही. कमीही होईल.”

“मग करता कशाला?”

काकांनी मान खाजवली. “वर्षातून एक खिळा ठोकणाऱ्याला हातोडी विकायची, हे हल्ली मलाच बरं वाटत नाही.”

मागे उभ्या असलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. बाई फोनताईकडे वळल्या आणि तिच्याशी बराच वेळ बोलल्या. बाहेर का बसलात, असं त्यांनी विचारलं. तिने पायऱ्यांकडे बोट दाखवलं आणि हातातल्या फोनचं झाकण बसवलं.

निकाल लागला तेव्हा फोनताईला अनुदान मिळालं होतं आणि काकांना मिळालं नव्हतं. कल्पना चांगली आहे, पण ती चालणार कशी हे स्पष्ट नाही, शिवाय अर्जदार नेमून दिलेल्या जागी नव्हते, असा शेरा होता. ‘जाऊ दे,’ म्हणून काकांनी विषय संपवला, पण नंतरचे काही दिवस ते गिऱ्हाइकांशी विनाकारण तुसडेपणाने वागत होते. ‘मी म्हटलं होतं ना,’ असं काकू एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर काकांना जरा हलकं वाटलं असतं.

मग एके दिवशी सेक्रेटरी दुकानात आले. पायऱ्यांशेजारी उतार बांधल्याशिवाय पुढचा मेळावा घेता येणार नाही, असं नगरपालिकेने बजावलं होतं. लाकूड घेण्यापुरती सोय झाली होती, राबायला माणसंही तयार होती. घोडं अडलं होतं ते अवजारांवर. काकांनी लाकडाचा भाव सांगितला. काकू शेल्फ पुसायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होत्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शिडीवर चढून त्यांनी करवती आणि भोक पाडायचं मशीन खाली काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

“न्या,” ते म्हणाले. सेक्रेटरी दारापर्यंत पोचले तोच त्यांनी पुन्हा हाक मारली. “थांबा, मी पण येतो. तुम्ही करवतीचे दात घालवाल.”

उताराचं काम सुरू होण्याआधी फोनताईने निरोप पाठवला होता, की एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी लागते. तिन्ही पायऱ्यांची मिळून उंची दीड फूट होती. त्या हिशोबाने उतार थेट फाटकाबाहेर गेला असता. काकांनी अंगणाकडे पाहिलं आणि नऊ फुटांत बसवून टाकू म्हणाले. थोडा जोर लावला की झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रविवारी दिवसभरात उतार उभा राहिला. दिसायला देखणा होता, रंधा मारून गुळगुळीत केलेला.

फोनताई आली आणि चाकांना जोर देत चढू लागली. अर्ध्यावर गेल्यावर खुर्ची थबकली, आणि मग मागे सरकायला लागली. काका मागेच होते. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही मुठी पकडल्या, पण त्यांचेही पाय त्या गुळगुळीत लाकडावरून घसरू लागले. सेक्रेटरींनी काकांच्या पाठीला खांदा लावला, आणि तसेच तिघं इंच इंच करत खाली आले. जमिनीवर टेकल्यावर फोनताईने खुर्चीचे ब्रेक लावले.  

“काका, हा उतार नाही,” ती म्हणाली. “घसरगुंडी आहे.”

“हो.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस. मला वाटलं, दुकानदाराला जास्त कळतं.” काकांनी कपाळावरचा घाम पुसला. “हे सगळं उघडतो. पुढच्या वेळी तू इथे बसून सांगायचं, मी तसंच करणार.”

“बसलेलीच आहे मी,” फोनताई म्हणाली, आणि आधी सेक्रेटरींना हसू फुटलं. मग काकाही हसले.

पुढच्या रविवारी टेप तिच्या मांडीवर होती. उतार भिंतीलगत सरळ गेला, मध्ये खुर्ची वळेल एवढी सपाट जागा केली आणि तिथून मागे फिरून तो दाराशी आला. लाकडावर वाळूचा खरखरीत लेप दिला. काम दुप्पट होतं, एका दुकानाची अवजारं पुरेनात, म्हणून लोकांनी आपापल्या घरातून गंजलेले रंधे, जुन्या पकडी आणल्या. काम संपल्यावर त्यातली अर्धी कुणी परत नेली नाहीत. आमच्याकडे नुसती पडून असतात, तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले. काकूंनी ती गोळा करून पोत्यात भरली आणि कुठल्या शेल्फवर ठेवायची याचा विचार करू लागल्या. काकांना त्यांनी विचारलं नाही, आणि काकांनीही ते चालवून घेतलं.

फोनताई चढली. सपाट जागेवर जरा थांबली, वळली, आणि दारातून आत गेली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, सगळे दमले होते. आत एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या, कोपऱ्यात झाडू होता, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. तिने चहूकडे पाहिलं.

“एवढंच आहे होय आत?” ती म्हणाली.

“एवढंच,” काका दाराबाहेरून म्हणाले. ते उताराच्या कडेला बसून बुटातली वाळू झाडत होते.

ती थोडा वेळ आतच राहिली. मग बाहेर आली, काकांना पाय जरा आवरून घ्यायला सांगितलं, आणि आणखी एकदा वर यायचं म्हणून एकटीच खाली गेली.