वाचायची ओळ, लिहायची ओळ

मामा तेवीस वर्षं जावा या संगणकभाषेत मुरलेला प्रोग्रामर, आणि तोरा तर विचारूच नका. ताईला रोजनिशीचा छोटा प्रोग्राम त्यानेच करून दिला होता. ताई गेली, तिचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि नव्या लॅपटॉपवर रोजनिशी उघडली तर अक्षरांचा नुसता चिखल! भाची लॅपटॉप उचलून थेट मामाच्या ऑफिसात आली.

तिला एकाच वर्षाचं वाचायचं होतं. तिच्या लग्नावरून मायलेकींचा वर्षभर अबोला होता. तेव्हा आई आपल्याबद्दल काय म्हणत होती, एवढंच.

"हात्तिच्या! एवढंच ना?"

फाइलीत अक्षरं नसतात, आकडे असतात; ते कुठल्या तक्त्याने वाचायचे ते सांगावं लागतं. मामाने ते कधी सांगितलंच नव्हतं; जुन्या कॉम्प्युटरचा तक्ता मराठीला चालणारा होता म्हणून निभावलं, लॅपटॉपने मात्र आपलाच तक्ता लावला होता. मामाने प्रोग्राममधल्या फाइल वाचायच्या ओळीत योग्य तक्त्याचं नाव घातलं. ताईचं मराठी लख्ख उमटलं.

भाचीचे डोळे भरले. "इथे नको. घरी एकटीनं वाचते."

"वाच बाई," म्हणत मामाने प्रोग्राम बंद केला. 'बदल जतन करू?' प्रोग्रामने विचारलं. आधी घरी चिखल दिसला तेव्हा भाचीने घाबरून 'नको' दाबलं होतं. मामाने सवयीने 'हो' दाबलं, आणि अख्खी फाइल नव्याने लिहिली गेली. आणि लिहायच्या ओळीत तक्त्याचं नाव घालायला हा शहाणा विसरला होता! लॅपटॉपच्या तक्त्यात मराठी अक्षरच नाही. जे अक्षर सापडत नाही तिथे प्रोग्राम मुकाट्याने प्रश्नचिन्ह ठोकतो.

खात्रीसाठी मामाने फाइल पुन्हा उघडली. पानोपान प्रश्नचिन्हं.

"परत आण ना," भाची म्हणाली.

"नाही येत गं. चिखल निवळता आला असता, हे पुसलंच गेलं. आधी प्रत काढून ठेवायची, तेही सुचलं नाही. माझी चूक."

तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. पानं खाली सरकवत राहिली. तारखा इंग्रजी आकड्यांत होत्या, तेवढ्या शाबूत राहिल्या होत्या. अबोल्याच्या वर्षातली एकही तारीख सुटलेली नव्हती. भाचीने घर सोडलं त्या दिवशीची तर साडेतीन पानं.

"मामा, एवढं वर्ष छापून दे."

"अगं, त्यात वाचण्यासारखं काही उरलं नाही."

"माझ्याशी बोलत नव्हती," भाची म्हणाली, "आणि रोज एवढं बोलत होती. दे छापून."