जांभळ्या उजेडातली रुजवण

श्रीपाद मास्तर माझ्यापेक्षा चार बोटं बुटके होते आणि नवरा म्हणून मला तेच हवे होते. माझ्या वडिलांचं घोडं नेमकं तिथे अडलं होतं.

"विमल, जोडो शोभाक होयो मा? माळ घालताना तुका वाकूक लागतला!"

वाकेन की! माझी कंबर काय मोडली होती? पण बाबांनी नेहमीप्रमाणे देवावर सोपवलं. नवरात्रात तांब्याभोवतीच्या मातीत धान्य पेरतो, ती रुजवण दसऱ्याला तांब्याच्या गळ्याला लागली, तर होकार.

देवघराच्या अंधारात रोपं आपोआप उंच वाढतात, पिवळीधमक. वालावलातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसवेल तर ना! वाडीत नुकतीच वीज आली होती. मास्तरांनी मुंबईच्या भावाकडून कातडीच्या रोगावरचा अल्ट्राव्हायोलेट दिवा आणला.

"काका, सूर्याची ताकद ह्याच किरणांत. रोपां छपराक लागतली!"

विजेचा दिवा देवापुढे लागणार म्हणून बाबा हरखले. डोळ्यांना जपायला मास्तरांनी काळे चष्मे वाटले. मग काय विचारता! जांभळ्या उजेडात बाबा काळा चष्मा लावून आरती करायचे, आणि एकदा तर त्यांनी देवाऐवजी खांबालाच ओवाळलं. सुगंधा आत्या हसून हसून टाळ घेऊन खाली बसली. अख्खी वाडी आरतीला लोटू लागली.

रोपं मात्र वाढेनात. शेजारी भिकाजीकाकांची वीतभर झाली, आमची बोटभर. जाड, हिरवीगार, पानं मुरडलेली. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. वाटलं, दिवा मास्तरांच्याच डोक्यात घालावा.

दसऱ्याला बाबा रुजवण काढायला वाकले आणि थबकले. तांब्याच्या मागे, त्याच्या सावलीत, रोपांचा एक झुबका थेट गळ्याला टेकला होता.

"लागली! बाबा, गळ्याक लागली!" मी ओरडले.

त्याच क्षणी मास्तर माझ्याहून मोठ्याने ओरडले, "सावलीत उंच, उजेडात बुटकी! काका, म्हणजे माझ्याच दिव्यान बाकीची खुरटली!"

असा आनंद, जणू बक्षीस मिळालं. मी कपाळावर हात मारला.

रिवाजाप्रमाणे बाबांनी उंच रोपं माझ्या वेणीत खोवली. ती लुळी पडून माझ्या नाकावर आली. मग तांब्यापुढचं एक बुटकं रोप उपटून मास्तरांच्या कानावर खोवलं. ते ताठ उभं राहिलं. बाबांनी चष्मा काढून नीट पाहिलं.

"बुटको आसा," ते म्हणाले, "पण उभो रवता. आणि मेल्याक स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा खोटां बोलाक येणा नाय."

लग्नात माळ घालताना मी वाकले नाही. मास्तर पाटावर पाट ठेवून उभे होते. वरचा पाट बाबांनीच आणून दिला.